जाळीचं सुटं टोक

कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही टोकांना बांधतात, यावर विचार करायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. काकांकडे कामाला लागले आणि आली. त्यांची दोरी कडुनिंबाच्या फांदीला एकाच टोकाला बांधलेली असे आणि दुसरं टोक खाली लोंबत असे. तिला चिमट्यांनी वर शर्ट, त्याखाली बनियन, त्याखाली लेंगा आणि सगळ्यात खाली टॉवेल. लांबून बघणाऱ्याला वाटे, कोणीतरी झाडावर चढतंय. तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडी बाजाराला नवीन आलेली माणसं थांबून विचारायची, "कोण हाय वर?" गावातले लोक सांगायचे, "कोण न्हाई. अर्थिंगमामाचं धुणं हाय."

गाव त्यांना अर्थिंगमामा म्हणायचं, आम्ही कामाला असणाऱ्या बायका काका म्हणायचो. बाजारतळाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं कंट्रोल पॅनल बनवायचं वर्कशॉप होतं. पॅनल म्हणजे कारखान्यातलं ते लोखंडी कपाट, ज्यात सगळ्या यंत्रांच्या वायरी येऊन मिळतात. माझं आयटीआय झालं तेव्हा आमच्या घरात गाद्या शिवायचा पिढीजात धंदा होता. अब्बा म्हणाले, "गाद्या शिवून बोटं जातात, वायरी शिव. निदान हाताला कापूस तरी लागणार नाही." अशी मी काकांकडे गेले.

पहिल्याच दिवशी काकांनी मला समोर बसवलं आणि केबलचा एक तुकडा सोलून हातात दिला.

"ही बघ पोरी, सेन्सरची केबल. आत ह्या दोन बारीक वायरी. त्यातनं जातो त्यो सिग्नल म्हंजी निस्ती कुजबुज. आन् शेजारनं मोटारीची केबल जाती, ती बोंबलती. बोंबेत कुजबुज ऐकू यावी म्हणून वरनं ही जाळी, हिला शिल्ड म्हणत्यात. बोंब जाळीवर पडती आन् जाळी ती जमिनीत सोडती. म्हणून जाळी अर्थला बांधायची. आता सांग, कुठल्या टोकाला बांधायची?"

मी हुशारी दाखवली. "दोन्ही टोकांना. म्हणजे घट्ट बसेल."

काकांनी कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात की बाकीच्या बायकांनी माना वर केल्या. "झालं वाटोळं! दोन्हीकडं बांधलीस तर इथली जमीन आन् तिथली जमीन त्या जाळीतनं भांडाय लागत्यात. दोन्ही जमिनी सारख्या कवाच नसत्यात. मग त्यांचा करंट जाळीतनं गरागरा फिरतो. त्याला लूप म्हणत्यात. एक टोक बांधायचं. दुसरं कापायचं, टेप मारायची आन् गप ठिवायचं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं, पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. अडचण अशी की काका केबलपाशी थांबले नाहीत.

त्यांच्या चष्म्याला दोरी होती ती एकाच काडीला. दुसरं टोक मोकळं असल्यामुळे ते दिवसातून अनेकदा चहात बुडे आणि काका ते चोखून पुन्हा खांद्यावर टाकत. जिलेबी ते खात नसत, कारण "येका जिलेबीत किती लूप हायेत बघ." ईदला मी शीरखुर्मा नेला तर मात्र दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाले, "शेवया कशा शिस्तीत हायेत. समद्या सुट्या." ग्रामपंचायतीने एकदा त्यांचा सत्कार ठेवला. सरपंच हार घेऊन पुढे आले तेव्हा काकांनी खिशातून वायर कापायचा कटर काढला, हार गाठीपाशी कचकन कापला आणि उपरण्यासारखा एका खांद्यावर टाकून घेतला. सरपंचांचं भाषण लांबलं तसे खालूनच ओरडले, "शेपटी आखूड ठिवा!" जाळी बांधताना तिचं जे टोक पिळून काढतात त्याला आम्ही शेपटी म्हणतो आणि ती जितकी आखूड तितकी चांगली. पण हे सरपंचांना कुठून माहीत असणार? त्यांनी बरेच महिने काकांशी बोलणं टाकलं होतं.

काकू शांत बाई. त्यांनी एकदा आमच्या सगळ्यांसमोर विचारलं, "समदे लूप वाईट, मग माझं मंगळसूत्र?"

काका म्हणाले, "त्यात करंट न्हाई."

"ते मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या. आम्ही तोंडात पदर नि ओढण्या कोंबून हसलो.

मला त्यांचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. माणूस ऐकूनच घ्यायचा नाही. जिथे मोटारीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र असतं, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, तिथे बोंब इतकी बारीक नि तीव्र असते की एका टोकाने भागत नाही, असं पुस्तकंच सांगतात. मी एकदा तसं पान उघडून पुढे केलं. काकांनी ते वाचलं, चष्म्याची चहाने भिजलेली दोरी खूण म्हणून त्या पानात ठेवली आणि पुस्तक मिटलं. झाला निकाल.

त्यांची एकुलती एक मुलगी कोमल. डिप्लोमा झालेली, आमच्याच शेडमध्ये पॅनलची ड्रॉइंगं करायची आणि माझी जिवाभावाची मैत्रीण होती. भांडगावच्या एका पशुखाद्याच्या कारखान्याला आम्ही पॅनल दिलं होतं. ते चालू करून द्यायला ती गेली आणि तिथला मेंटेनन्सचा मुलगा, कासुर्डीचा वैभव, तिला आवडला. दोघांनी रीतसर घरी सांगितलं. जात जुळत होती, शेती होती, नोकरी होती. पाहुणे बघायला आले.

पोह्यांच्या बश्या फिरल्या. मुलाचे आजोबा होते, त्यांना सगळे आबा म्हणत. चुलते होते, ते नाना. काकांनी शेतीचं विचारलं नाही, पगाराचं विचारलं नाही. मुलाकडे बघून म्हणाले, "शिल्ड कुठल्या टोकाला बांधता?"

आत स्वयंपाकघरात कोमलने माझं मनगट आवळलं.

बाहेरून वैभवचा आवाज आला, "आमच्याकडं दोन्ही टोकांना बांधतो, काका. मिक्सरच्या मोटारीला ड्राइव्ह हाय. एका टोकानं वजनाचा आकडा नाचतो."

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. ती ठेवल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला.

"काल फोनवर घोकून घेतलं होतं ह्याच्याकडनं," कोमल दात आवळून म्हणाली. "म्हटलं, 'एका टोकाला' म्हण. तर म्हणतो, पहिल्याच दिवशी खोटं कशाला बोलू." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर त्याच्याबद्दलचा अभिमानही होता. मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं.

बाहेर काका म्हणत होते, "पावणं, राग मानू नगा. पर दोन्हीकडं बांधणाऱ्या घरात मी पोरगी देणार न्हाई."

मुलाकडच्यांना वाटलं, शेळ्या-म्हशी बांधायचं काहीतरी असेल. नानांनी विचारलंसुद्धा, "म्हशीला दोन दावी लावली तर काय बिघडतं?" मग वैभवने समजावून सांगितलं. केबलच्या जाळीवरून मोडलेलं लग्न त्या पंचक्रोशीत कोणी पाहिलं नव्हतं. हुंडा, पत्रिका, काळासावळा रंग यांवर काय बोलायचं ते सगळ्यांना पाठ होतं, इथे कोणाला शब्दच सापडेना. शेवटी आबा काठी टेकत उठले. "इथं बसून भांडण्यापरीस जाऊन बघू की. नाचतंय का न्हाई ते कळंल."

काकांना आव्हान दिलं की ते कधी नाही म्हणायचे नाहीत, हा त्यांचा गुण म्हणा की खोड म्हणा.

रविवारी कारखाना बंद असतो. मालक काकांचं जुनं गिऱ्हाईक, त्याने चावी दिली. दोन गाड्या भरून आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून भांडगावला गेलो. काकूंनी चहाचा थर्मास आणि चिवडा घेतला होता. मुलाकडच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. भुशाच्या आणि पेंडीच्या वासात, उघड्या पॅनलपुढे, दोन्हीकडची वडीलधारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसली. साखरपुडाच जणू, फक्त मधे पाटाऐवजी पोती मोजायचा काटा.

पोत्यांचं गोदाम कुलूपबंद निघालं. काट्यावर ठेवायला वजन नाही.

"पोतं कशाला, मी हाय की," म्हणून आबा चपला काढून, काठी घेऊन, फेट्यासकट काट्यावर उभे राहिले.

आधी काकांची पद्धत. काट्याच्या केबलच्या जाळीचं एक टोक अर्थला, दुसरं सुटं. वैभवने मिक्सर चालू केला आणि समोरच्या पाटीवर आबांचं वजन नाचायला लागलं. एकसष्ट, सत्तर, चौपन्न, पासष्ट.

"आबा, हलू नगा!" नाना ओरडले.

"मी कुठं हलतोय? आकडा हलतोय!"

मिक्सर बंद केला, वैभवने जाळीचं दुसरंही टोक बांधलं, मिक्सर पुन्हा चालू. आकडा नाचायचा थांबला, मात्र हळूहळू वर चढत गेला आणि सत्तरच्या पुढे जाऊन बसला. काका टाळ्या वाजवायला लागले. "बगा! बगा! ह्यो करंट फिरतोय! म्हाताऱ्यात आठ-धा किलो जमीन घुसली!"

आबांचा चेहरा मात्र खुलला होता. "हेच बराबर हाय. मी घरात सांगतोय, खाल्लेलं लागतंय अंगाला, तर कोण ऐकत न्हाई."

मग जी हमरीतुमरी सुरू झाली ती विचारू नका. मिक्सरची घरघर इतकी की प्रत्येकाला ओरडावं लागत होतं आणि ओरडलं की माणसाला आपोआप राग येतो. नाना ओरडत होते की दोन्ही टोकांनी आकडा निदान गप तरी बसतो. वैभव ओरडत होता की दोघांचंही अर्धं खरं आहे. कोमल दोघांना गप्प बसा म्हणून ओरडत होती. काट्यावरून आबा "उतरू का?" असं ओरडत होते. काकांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हता. शेवटी मीच वैतागून जाऊन मिक्सरचं लाल बटण दाबलं.

घरघर एकदम थांबली आणि काकांचं वाक्य तेवढं उघडं पडलं.

"—माझी बहीण अशीच दोन्हीकडं बांधली हुती!"

चिवड्याचा घास तोंडात घेतलेल्या बाईने चावणंसुद्धा थांबवलं. काका स्वतःच दचकले होते. मग खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात सांगायला लागले.

त्यांची मोठी बहीण दौंडकडे दिलेली. तिच्या लग्नात पाहुण्यांमधल्या एकाला फेटा बांधायचा राहून गेला. एवढंच निमित्त. दोन्ही घरांनी अबोला धरला. "पर बोलायचं तर असतंय ना माणसाला. मग ती हिकडं आली की आमचा बाप तिला बोलायचा, जा, सांग तिकडं. ती तिकडं गेली की सासरा बोलायचा, जा, सांग हिकडं. दोन्ही घरं वरनं गप. समदी घुरघुर तिच्यातनं. वर्सानुवर्सं. मग तिनं बोलायचंच सोडलं. आता हाय म्हणती, न्हाई म्हणती, तेवढंच."

आत्यांना मी पाहिलं होतं. भाऊबिजेला त्या यायच्या, ओवाळायच्या, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने जायच्या. मला वाटायचं, त्यांना ऐकू येत नसावं.

"बाबा," कोमल म्हणाली, "मी वायर न्हाई."

काका मान खाली घालून चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

वैभव त्यांच्यापाशी खाली बसला. "काका, एका टोकाला घट्ट बांधू आन् दुसऱ्या टोकाला मधी कपॅसिटर टाकू. बघायचं का?"

"म्हाईत हाय मला," काका म्हणाले. "जमिनीजमिनीतलं मोठं, संथ भांडण त्यो अडवितो आन् बारीक फडफड तेवढी सोडून देतो. वीस वर्सं म्हाईत हाय."

"मग लावत का न्हाई?" कोमलने विचारलं.

"मन घेत न्हाई."

मी तोपर्यंत हत्यारांच्या पेटीतून एक बारका कपॅसिटर काढून वैभवच्या हातात दिला होता. वडीलधाऱ्यांचं मन व्हायची वाट पाहिली असती तर आबा काट्यावरच म्हातारे झाले असते. अर्थात ते होतेच. मिक्सर चालू झाला. आकडा एकदा थरथरला आणि एकसष्टवर ठाम उभा राहिला.

"येवढंच?" आबा म्हणाले. त्यांचं मन फार खट्टू झालं. उतरल्यावर काकूंनी त्यांना चिवड्याची दुसरी मूठ जरा भरून दिली.

काकांनी पाटीकडे बराच वेळ बघितलं. मग उठून नानांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाले, "ठरलं म्हणा." कोमलने मला अशी मिठी मारली की माझा खांदा दुखला. आता हे सुतासारखं सरळ झालं, असं मला वाटलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे काम करून मला असं वाटावं, म्हणजे कमालच.

लग्न चौफुल्याजवळच्या कार्यालयात होतं. मुहूर्त जवळ आला आणि मुलीचा बाप दिसेना. शोधलं तर काका फेटा बांधलेल्या अवस्थेत लाऊडस्पीकरवाल्याच्या टेबलाखाली पालथे पडलेले. स्पीकरमधून सकाळपासून घुरघुर येत होती. दोन पेट्यांमधल्या वायरीची जाळी दोन्हीकडे बांधली होती, दुसरं काय. त्यांनी कटरने एक टोक तोडलं, टेप मारली आणि घुरघुर कापल्यासारखी बंद झाली. भटजी माइकवर नुसते खाकरले तर ते पार जेवणाच्या हॉलमध्ये स्वच्छ ऐकू आलं.

त्या यशाची धुंदी असेल. वधूवर समोरासमोर उभे राहिले. मधे अंतरपाट धरला होता, एक टोक आमच्याकडच्या माणसाच्या हातात, दुसरं नानांच्या. काकांनी आमच्या माणसाकडून टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि नानांना म्हणाले, "तुम्ही सोडा."

"म्हंजी?"

"दुसरं टोक सुटं ठिवायचं. पोरगी दोन्हीकडं बांधायची न्हाई मला."

नानांनी गोंधळून सोडलं. अंतरपाट काकांच्या हातातून फडक्यासारखा लोंबला. मुहूर्ताआधीच नवरानवरीची नजरानजर झाली, वैभव तर चक्क हसला. बायकांमध्ये "अगं बाई!" झालं. नाना आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "माझ्या हातातनं काढून घेता? चारचौघांत? ह्यो मान व्हय आमचा?" त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर आपटला. "गाड्या काढा रं!"

माइक इतका स्वच्छ झाला होता की "गाड्या काढा" हे पार्किंगमध्येसुद्धा ऐकू गेलं आणि एका ड्रायव्हरने खरोखरच गाडी चालू केली.

काकांनी खुर्चीवरच्या त्या फेट्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ज्याला ते आयुष्यभर भीत आले, ते त्यांनी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं, आणि हे त्यांना त्या क्षणी कळलं हे मला स्पष्ट दिसलं. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी कीवही आली होती की मी अक्षता मुठीत चुरून टाकल्या.

कोमलने हातातला हार खाली ठेवला. मुंडावळ्या मागे सारल्या, पुढे वाकली आणि लोंबणारं टोक उचलून आपल्या हातात घेतलं.

"नाना, फेटा घाला आन् हिकडं या. माझ्या हातावर हात ठिवा. टोक माझ्याकडं ऱ्हाईल. कवा धरायचं, कवा सोडायचं, ते मी बघीन." मग वडिलांकडे वळली. "तुमीबी ऐका, बाबा."

नवरीनेच अंतरपाट धरलेला भटजींनी कधी पाहिला नसावा. ते पंचांगाकडे बघायला लागले, जणू त्यात लिहिलं असेल. नाना तसेच उभे. ड्रायव्हर गाडी चालू ठेवून वाट बघत होता.

माइकपाशी आत्या उभ्या होत्या, हातात दिव्याचं तबक घेऊन. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जरा घोगरा, वापरात नसलेल्या नळाला पाणी यावं तसा.

"धर पोरी. घट्ट धर. माझ्या हातात कुणी दिलं न्हवतं."

स्पीकरमध्ये घुरघुर अजिबात नव्हती, त्यामुळे ते मागच्या पंगतीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. बाहेर गाडी बंद झाली. नानांनी फेटा उचलून डोक्यावर ठेवला आणि येऊन कोमलच्या हातावर हात ठेवला. काका बहिणीकडे बघत राहिले. आपल्या हातातल्या अंतरपाटाच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले आणि भटजींना खुणेनेच सांगितलं, सुरू करा.